गाडी यजमानांच्या नावावर, चालवते मी: मग एनसीबी कुणाचा?

आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. गाडी यजमानांच्या नावावर आहे, पण रोज चालवते बायको. पॉलिसीवर सध्या 45 टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत) आहे आणि रिन्यूअलला दोन-अडीच महिने उरलेत. यजमानांची दुसऱ्या शहरात बदली झाली, तिथे त्यांना ऑफिसची गाडी मिळते, म्हणून ही गाडी बायकोच्या नावावर करावी असं दोघांच्या मनात आहे. त्यातच गेल्या आठवड्यात पार्किंगमधल्या खांबाला लागून पुढचा बंपर फुटला. विचारलंय ते असं: नाव बदललं तर एनसीबी बायकोला मिळेल का? बंपरचा क्लेम करावा का? आणि गाडी मुख्यतः आपण चालवतो हे कंपनीला कळवायला हवं होतं का?

मी मोटार विम्याच्याच कामात आहे आणि नवरा-बायकोंचे असे प्रश्न सतत येतात. हे तीन प्रश्न वेगळे वाटले तरी सुटे नाहीत. नाव बदलायचं की नाही यावर क्लेमचा सगळा हिशेब फिरतो. तो कसा, ते पुढे आकड्यांत दाखवते. आधी शेवटचा प्रश्न घेते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे.

कंपनीला कळवायची गरज नव्हती. आपल्याकडची खासगी गाडीची पॉलिसी गाडीवर असते, चालकांच्या यादीवर नाही. पॉलिसीत ‘ड्रायव्हर क्लॉज’ नावाचा परिच्छेद असतो. विमाधारकासह कुणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, फक्त अपघाताच्या वेळी तिच्याकडे चालू लायसन्स हवं आणि ते बाळगायला ती अपात्र ठरलेली नसावी, इतकंच त्यात म्हटलेलं असतं. बायको, मुलगा, शेजारी, सगळे त्यात बसतात. ब्रिटनमधली माहिती वाचून बरेच जण इथे गोंधळतात. तिकडे गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावं पॉलिसीत घालावी लागतात, मुख्य चालक कोण हे खरं सांगावं लागतं आणि त्यावर प्रीमियम ठरतो. ते नियम आपल्याला लागू नाहीत.

मात्र ‘चालू लायसन्स’ या दोन शब्दांकडे दोघांनीही आज लक्ष द्या. लायसन्सची मुदत संपल्यावर पूर्वी कायद्यात 30 दिवसांची मुभा होती, ती 2019 च्या दुरुस्तीने गेली. मुदत काल संपली असेल आणि आज अपघात झाला, तर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम अडकतो. अशा वेळी काही घरांत एक मार्ग काढला जातो आणि तो मला फार घातक वाटतो: ‘तुझं लायसन्स संपलंय ना, मग मी चालवत होतो असं लिहू.’ असं कधीही करू नका. सर्व्हेअर सीटची जागा बघतो, सीसीटीव्ही मागवतो, वॉचमनला विचारतो, दवाखान्याचे कागद पाहतो. आठ-दहा हजारांच्या क्लेमसाठी खोटं विधान सहीनिशी कंपनीला दिलं जातं आणि ते उघडं पडलं की संपूर्ण क्लेम नाकारला जातो.

आता एनसीबी. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं की रिन्यूअलला 20 टक्के, दुसऱ्यानंतर 25, तिसऱ्यानंतर 35, चौथ्यानंतर 45 आणि पाचव्यानंतर 50. त्यापुढे कितीही वर्षं गेली तरी 50 च. हा तक्ता जुन्या मोटार टॅरिफमधला, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारख्याच असलेल्या दर-नियमांमधला आहे. 2007 पासून ओन डॅमेज प्रीमियमचे दर कंपन्यांवर सोडले गेले, तरी एनसीबीच्या पायऱ्या बहुतेक सगळीकडे याच राहिल्या.

ही सवलत पूर्ण प्रीमियमवर नसते, फक्त ओन डॅमेज म्हणजे ओडीच्या भागावर असते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1000 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897 रुपये होते. त्यातला एक रुपयाही एनसीबीने कमी होत नाही. ‘50 टक्के एनसीबी आहे तरी प्रीमियम निम्मा का झाला नाही?’ असा फोन दर रिन्यूअलला कुणाचा तरी येतोच, त्याचं कारण हेच.

नवरा-बायकोंचं गणित जिथे चुकतं ती गोष्ट अशी. एनसीबी गाडीचा नसतो, पॉलिसीचाही नसतो आणि चालवणाऱ्याचा तर अजिबात नसतो. ज्याच्या नावावर आरसी आणि पॉलिसी आहे त्या माणसाचा तो असतो. तुम्ही पाच वर्षं एकही ओरखडा न काढता गाडी चालवलीत, तरी कागदावर ती पुण्याई यजमानांची. आणि उद्या ती आरसी तुमच्या नावावर झाली की गाडी तुमच्याकडे येईल, एनसीबी त्यांच्याकडेच राहील. नवरा-बायको एकाच घरात राहतात, एकाच खात्यातून प्रीमियम भरतात, याने काही फरक पडत नाही. हयात असलेल्या जोडीदाराला एनसीबी देऊन टाकायची सोय टॅरिफमध्ये नाही.

अपवाद एकच, आणि तो दुःखाचा आहे. विमाधारक व्यक्तीचं निधन झालं आणि गाडीचा ताबा व वापर पती किंवा पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे गेला, तर मृत व्यक्तीचा एनसीबी त्यांना मिळतो. हे बहुतेक कुटुंबांना ठाऊकच नसतं. त्या दिवसांत प्रीमियमचा विचार कोण करणार? मग गाडी वर्षभराने नावावर होते आणि नवी पॉलिसी शून्यापासून सुरू होते. अशा घटनेनंतर चालू पॉलिसी मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्यात वारसाने मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे कागद घेऊन कंपनीकडे अर्ज करायचा आणि एनसीबी पुढे चालू ठेवण्याचं त्यात स्पष्ट लिहायचं. आरटीओलाही 30 दिवसांत कळवायचं असतं आणि फॉर्म 31 भरून तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं असतं. 2021 पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. जोडप्यांनी ही नोंद आजच करून ठेवावी, नंतरची धावपळ बरीच वाचते.

तुमच्या बाबतीत सुदैवाने हा प्रश्न नाही. तेव्हा हिशेबाकडे वळू. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या पॉलिसीवरचे घालून हेच गणित पुन्हा करा.

समजा, एनसीबी वजा करण्याआधी तुमचा ओडी प्रीमियम येत्या रिन्यूअलला 14,000 रुपये आहे. गाडी जुनी होत जाते, आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) उतरते, म्हणून पुढच्या वर्षांसाठी 13,000, 12,000, 11,000 आणि 10,000 धरू. क्लेम केला नाही तर तुमचे 45 चे 50 टक्के होतील आणि तिथेच राहतील. क्लेम केला तर येत्या रिन्यूअलला शून्य, मग 20, 25, 35, 45 आणि सहाव्या वर्षी पुन्हा 50. म्हणजे पहिल्या वर्षी 14,000 चे 50 टक्के गेले: 7,000 रुपये. दुसऱ्या वर्षी 50 ऐवजी 20 मिळाले, 30 टक्क्यांचा फरक: 3,900. तिसऱ्या वर्षी 25 टक्क्यांचा: 3,000. चौथ्या वर्षी 15 टक्क्यांचा: 1,650. पाचव्या वर्षी 5 टक्क्यांचा: 500. बेरीज 16,050, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 18,939. ढोबळमानाने 19,000 रुपये.

आता बंपर. गॅरेजचं बिल असं धरू: बंपर 6,000, पेंटिंग 4,000, काढ-घाल मजुरी 1,500, एकूण 11,500. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) घेतलं नसेल तर प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, बंपरचे 3,000 उरले. पेंटिंगमध्ये 25 टक्के भाग मटेरियलचा धरतात आणि त्यावर 50 टक्के कापतात, म्हणजे 500 गेले, 3,500 उरले. मजुरी पूर्ण. झाले 8,000. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये सक्तीची वजावट, त्याहून मोठ्या इंजिनाला 2,000. तुमच्या हातात 7,000 पडले. हे 7,000 घेण्यासाठी पाच वर्षांत 19,000 सोडायचे. झीरो डेप असेल तर हातात 10,500 येतील, तरीही तोटाच.

लोक इथे फक्त येत्या वर्षाचा प्रीमियम बघतात. ‘सात हजार मिळतायत, सातच हजार एनसीबी जाईल, बरोबरीत सुटलो.’ नाही सुटलो. एनसीबी एका झटक्यात जातो आणि पायरी पायरीने परत येतो, खरं नुकसान त्या चढणीत असतं. उलट ज्यांची गाडी नवी आहे आणि रिन्यूअलला पहिल्यांदाच 20 टक्के मिळणार आहेत, त्यांचं गणित निराळं. त्याच प्रीमियमवर त्यांचा पाच वर्षांचा तोटा जीएसटी धरून साधारण 7,400 निघतो. त्यांनी दहा-बारा हजार हातात पडणारा क्लेम खुशाल करावा. कितीच्या वर क्लेम करायचा याचा एकच आकडा सगळ्यांना सांगणारा सल्लागार भेटला तर त्याच्याकडून हा हिशेब कागदावर मांडून घ्या.

आता नाव बदलण्याचा विचार यात आणा.

गाडी तुमच्या नावावर झाली की तुमचा एनसीबी शून्य, मग यजमानांचा 45 असो की 50. म्हणजे बंपरचा क्लेम करा किंवा न करा, तुमच्या नावाची पहिली पॉलिसी विनासवलतच निघणार. वर काढलेले 19,000 नाव बदलण्यातच गेले. मग बंपरचे 7,000 सोडायचे कशासाठी? यजमान पुढच्या तीन वर्षांत स्वतःच्या नावावर दुसरी गाडी घेणार नसतील, तर त्यांचा एनसीबी कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. अशा वेळी क्लेम आधी करावा, पैसे जमा होऊ द्यावेत आणि मगच आरटीओचे कागद हलवावेत. क्रम महत्त्वाचा आहे. अपघाताच्या दिवशीचा मालक, पॉलिसीधारक आणि क्लेमचे पैसे घेणारा एकच असेल तर प्रकरण सरळ जातं, मध्येच मालक बदलला की कंपनी कागद मागत राहते. एक आठवडा झालाच आहे, तेव्हा क्लेम करायचा असेल तर उद्याच्या उद्या कळवा आणि सर्व्हे होईपर्यंत बंपर बदलू नका.

यजमान नवी गाडी घेण्याची शक्यता असेल तर मात्र उलट. मग त्यांचा एनसीबी जपायला हवा. रिन्यूअलला दोन-अडीच महिने उरलेत म्हणून हे आवर्जून सांगते: पुढची पायरी पॉलिसीचे 12 महिने पूर्ण झाल्यावर, रिन्यूअलच्या वेळीच मिळते. आत्ता मध्येच ट्रान्सफर केलंत तर 45 वरच थांबाल. पूर्ण मुदत होऊ द्या, त्यांच्या नावावर 50 टक्क्यांनी रिन्यू करा, मग गाडी तुमच्या नावावर करा आणि कंपनीकडून त्यांच्या नावाचं एनसीबी रिझर्व्हिंग लेटर, म्हणजे एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते साधारण तीन वर्षं चालतं. त्या काळात त्यांनी घेतलेल्या खासगी गाडीवर 50 टक्के पहिल्या दिवसापासून लागतील. गाडीचा एनसीबी गाडीलाच, स्कूटरला नाही, एवढं लक्षात ठेवा.

हेच तत्त्व दोन गाड्यांच्या घरात फार कामाला येतं. नवऱ्याच्या नावावर जुनी गाडी आहे, 50 टक्के आहेत, आणि नवी मोठी गाडी घ्यायची आहे. जुनी बायको वापरणार. बहुतेक घरांत नवी गाडीही नवऱ्याच्याच नावावर येते आणि शून्य एनसीबीने सुरू होते, कारण एक एनसीबी एका वेळी एकाच गाडीवर चालतो. त्याऐवजी जुनी बायकोच्या नावावर करून 50 टक्के नव्या गाडीवर नेले तर? नवीचा ओडी समजा 30,000, निम्मे वाचले, 15,000. जुनीचा ओडी 9,000, तिथे 4,500 जास्त भरले. पहिल्याच वर्षी दहा हजारांच्या वर फरक, आणि बायकोच्या नावाने तिचा स्वतःचा एनसीबी साठायला लागला हा वेगळा फायदा. हे कायदेशीर आहे, फक्त जुन्या गाडीचं हस्तांतर नवी गाडी घ्यायच्या आधी उरकलेलं असावं, कारण रिझर्व्हिंग लेटरसाठी कंपनी हस्तांतराचे कागद मागते.

लग्न होऊन नव्याने संसार थाटणाऱ्यांनीही एक गोष्ट तपासावी. दोघांपैकी कुणी लग्नाआधी स्वतःची गाडी विकली होती का? त्या गाडीचा एनसीबी तीन वर्षांच्या आतला असेल तर तो जिवंत आहे. नवी गाडी कुणाच्याही नावावर घेणं सारखंच असेल, तर ज्याच्याकडे लेटर आहे त्याच्या नावावर घ्या. मुलीचं लेटर माहेरच्या नावाने आणि नवी आरसी सासरच्या नावाने असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. याच कारणासाठी लायसन्स, आरसी आणि पॉलिसी या तिन्हींवर नाव एकसारखं करून घ्या.

आता हस्तांतराची कागदपत्रं. आरटीओकडे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची एनओसी. नवरा-बायकोत व्यवहार आहे म्हणून यातलं काही गळत नाही. विमा कंपनीकडे हस्तांतराच्या तारखेपासून 14 दिवसांत अर्ज करायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जातं, ओन डॅमेजचं जात नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आणि तेव्हापासून याच मुद्द्यावर कितीतरी क्लेम फेटाळले गेलेत. घरातल्या घरात नाव बदललेल्या गाड्यांबाबत तर हे हमखास राहून जातं. आरसी बायकोच्या नावावर, पॉलिसी अजून नवऱ्याच्या नावावर, आणि गाडी पुराच्या पाण्यात बुडाली. पॉलिसी ज्याची तो मालक नाही, मालक आहे तिची पॉलिसी नाही. प्रीमियम वेळेवर भरलेला असूनही हात रिकामे.

पॉलिसीवर नाव बदलण्याची नोंद, म्हणजे एंडॉर्समेंट, करताना कंपनी पॉलिसीवर दिलेल्या एनसीबीची उरलेल्या मुदतीपुरती रक्कम वसूल करते. नुकतंच रिन्यू केलेलं असेल तर ती मोठी असते, हे आधी धरून चला. ती टाळण्याच्या मोहात एक वाईट गोष्ट घडते. नाव बदलल्यावर नवी पॉलिसी ऑनलाइन काढताना ‘मागील एनसीबी 50 टक्के’ हा पर्याय निवडला जातो. जुनी पॉलिसी खरी असते, टक्के खरे असतात, सिस्टीम विनातक्रार सवलत देते. पण ते टक्के दुसऱ्या माणसाचे असतात. प्रपोजलमध्ये तुम्ही घोषणा केलेली असते की एनसीबीची माहिती चुकीची निघाली तर ओन डॅमेजचे सगळे लाभ रद्द होतील. कंपनी मागच्या कंपनीकडे खातरजमा करते आणि पुष्कळदा ती क्लेम आल्यावरच होते. सात हजार वाचवून लाखभराच्या दुरुस्तीला स्वतः पैसे मोजलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी फसवायचं म्हणून केलेलं नसतं, ‘घरचाच तर बोनस आहे’ असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलेलं असतं.

इथवर पैशांचं झालं. पण तुमचा प्रश्न वाचून मला जी काळजी वाटली ती वेगळीच आहे, आणि तुम्ही ती विचारलेली नाही.

गाडीसोबत जो सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा येतो, कंपल्सरी पीए, तो 2018 च्या सप्टेंबरपासून 15 लाखांचा आहे. तो ‘ओनर-ड्रायव्हर’चा असतो: आरसीवर त्याचं नाव, पॉलिसीवर त्याचं नाव आणि त्याच्याकडे चालू लायसन्स, या तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्याचा. तुमच्या घरी तो यजमानांचा आहे. ते परगावी, ऑफिसच्या गाडीत. रोज या गाडीच्या स्टीअरिंगवर तुम्ही, आणि तुम्हाला त्यातला एक रुपया लागू नाही. थर्ड पार्टी विम्यातून मिळेल असं वाटत असेल तर तेही नाही. मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, तो ‘तिसरा’ धरला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये म्हटलं आहे. समोरच्या वाहनाची चूक असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे दावा करता येतो. पण गाडी घसरून झाडावर आदळली, तर तुमच्यासाठी या पॉलिसीत काहीच नाही. प्रवाशांसाठी जे जादा पीए कव्हर विकतात त्यात चालवणाऱ्याला धरतात की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. गाडीशी संबंध नसलेली, तुमच्या स्वतःच्या नावाची वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, किमान 15 लाखांची. ती तुम्ही कुठलीही गाडी चालवत असा, रिक्षात असा की रस्ता ओलांडत असा, सगळीकडे लागू राहते. पुढे कधी गाडी तुमच्या नावावर झाली तर हीच पॉलिसी दाखवून गाडीसोबतचा पीए टाळता येतो. 2019 पासून ती मुभा आहे. आणि ज्या घरात उलटं आहे, म्हणजे गाडी बायकोच्या नावावर पण तिच्याकडे लायसन्सच नाही, तिथे तर तो 15 लाखांचा विमा कुणालाच लागू होत नाही. कर्जाच्या किंवा कराच्या सोयीने नाव टाकताना हे कुणी सांगत नाही.

म्हणून माझं मत असं. नाव बदलायचं कारण फक्त ‘मी चालवते’ एवढंच असेल तर बदलू नका. बंपर स्वतःच्या खर्चाने करा, 50 टक्क्यांनी रिन्यू करा, तुमची अपघात पॉलिसी वेगळी काढा आणि गाडी चालवत राहा. गाडी यजमानांच्या नावावर असली आणि ते दुसऱ्या शहरात असले तरी पॉलिसीला बाधा नाही. पण गाडीचे पैसे तुम्ही भरलेत आणि ती तुमच्या मालकीची असावी असं तुम्हाला वाटत असेल, तर 19,000 रुपयांच्या सवलतीसाठी ते अडवून धरू नका. बाईच्या नावावर एखादी वस्तू असणं आणि तिचा स्वतःचा एनसीबी उभा राहणं याला किंमत आहे. उद्या तिला एकटीने गाडी घ्यावी लागली, कुठल्याही कारणाने, तर नवऱ्याच्या पॉलिसीवर काढलेली वर्षं तिला कुठेही दाखवता येत नाहीत.

एनसीबी प्रोटेक्ट नावाच्या ॲड-ऑनबद्दल, म्हणजे जादा कव्हरबद्दल, दोन शब्द. वर्षात एक, काही कंपन्यांत दोन क्लेम होऊनही एनसीबी टिकतो. दोघं जण एकच गाडी वापरतात, एक जण नवशिका आहे, अशा घरात ते घेण्यासारखं आहे. मात्र बहुधा ते त्याच कंपनीत रिन्यू केलं तरच चालतं, आणि नाव बदलताना एनसीबी सोबत न्यायला त्याचा काही उपयोग नाही. 2022 मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी फ्लोटर पॉलिसीला परवानगी दिली. त्यातही ‘एकच मालक’ हा शब्द बघा, एक गाडी नवऱ्याची आणि एक बायकोची असेल तर ती सोय मिळत नाही.

आणि काहीही ठरवलंत तरी पॉलिसीची तारीख चुकवू नका. मुदत संपून 90 दिवसांत रिन्यू केली नाही तर एनसीबी जातो, मग तो कुणाच्याही नावावर असो. त्या खंडात ओडी संरक्षण नसतं आणि विम्याविना गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. यजमान परगावी गेले की रिन्यूअलचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर जाईल आणि गाडी तुमच्या दारात असेल. पॉलिसीवर तुमचा नंबर आणि ईमेल आजच जोडून घ्या.